पाठीवरचा बर्फ

हिमवर्षावात उभ्या असलेल्या शेळ्यांचं एखादं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. पाठीवर बोटभर बर्फ साचलेला आणि शेळी आपली निवांत रवंथ करते आहे. आपल्याला वाटतं, काय हे मुक्या जीवाचे हाल! पण जनावरं राखणारा माणूस तो बर्फ पाहून निर्धास्त होतो. बर्फ वितळत नाही, म्हणजे अंगातली ऊब बाहेर निसटत नाही. ज्या जनावराच्या पाठीवरचा बर्फ भराभर वितळतो, काळजी त्याची करायची.

माझं आयुष्य मराठवाड्याच्या उन्हात गेलं. पौषातल्या रात्री अम्मी शेळीच्या पाठीवर गोणपाट बांधायची, आमची थंडीची कल्पना तेवढीच. पण कवी म्हटला की सत्कार आला आणि सत्कार म्हटला की शाल आली. (ती पश्मिन्याची नसते, हे सांगायला नकोच!) तर हा खरा पश्मिना येतो कुठून, हे वाचत वाचत मी लडाखच्या चांगथांगपर्यंत पोहोचलो.

चांगथांग हे तिबेटला लागून असलेलं पठार. उंची बहुतेक ठिकाणी १४,००० फुटांच्या वर, हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्या खाली. चांगपा नावाचे भटके पशुपालक इथे शेळ्या, मेंढ्या, याक, घोडे घेऊन राहतात. इथल्या शेळीला जणू दोन अंगरखे असतात. वरचा लांब, राठ केसांचा. तो वारा आणि बर्फ अडवतो. आतला मऊ लवेचा. तो ऊब धरून ठेवतो. ही आतली लव म्हणजेच पश्मिना. जाडी १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. हिवाळ्याआधी ती वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सुटू लागते, तेव्हा चांगपा ती विंचरून काढतात. एका शेळीमागे जेमतेम पाव किलो. मग ती लेहमार्गे श्रीनगरच्या विणकरांकडे जाते.

पण नुसत्या अंगरख्यावर भागत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबत असतो आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. शेगडी पोटातच! बाहेर उणे ३० असताना अंगात ३९ अंश राखायचे, तर त्या शेगडीत सरपण पडत राहिलं पाहिजे. पोट भरलेली शेळी थंडीला सहसा हार जात नाही. उपाशी शेळी एका रात्रीत जाते.

एरवी चांगथांगात बर्फ बेताचाच पडतो, वारा तो उडवून नेतो आणि सुकं गवत उघडं राहतं. थोडा जास्त पडला तर घोडा खुरानं उकरतो, याक तुडवत वाट करतो आणि त्यांच्या मागून शेळ्या-मेंढ्या तोंड घालतात. पाणी गोठलं तर बर्फच चाटतात. घात होतो तो ढीगभर बर्फ पडून वर कवच धरलं की. खूर त्यावर नुसता घसरतो. गवत वीतभर खाली असतं आणि जनावर त्याच्यावर उभं राहून उपाशी मरतं. २०१२-१३ च्या हिवाळ्यात चांगथांगात असाच बर्फ पडला आणि हजारो जनावरं गेली. मंगोलियात तर अशा हिवाळ्याला स्वतंत्र नावच आहे, ‘झुद’. २००९-१० च्या झुदमध्ये तिथली ८० लाखांहून अधिक जनावरं दगावली, २०२३-२४ मध्ये पुन्हा ७० लाखांहून अधिक.

यात बर्फापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे, ओल. कोरडा बर्फ लोकरीवर बसतो. पाऊस लोकरीच्या आत शिरतो आणि मग अंगरखा असून नसल्यासारखा. हे आपल्या धनगर बांधवांना सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे-नगर भागात अवकाळी पाऊस आणि गार वारा एकदम आला, तेव्हा उघड्या रानात बसवलेल्या कळपांतली शेकडो मेंढरं एका-दोन रात्रींत गारठून मेली. तिथे उणे ३० नव्हतं, बर्फाचा कणही नव्हता.

चांगथांगात शेती जवळपास नाही. चारा बाहेरून आणायचा, तोही रस्ते बंद होण्याआधी. पडत्या बर्फात पाठवलेला ट्रक वाटेतच अडकतो. हा हिशेब एका वर्षी चुकला तर कळप उभा करायला कित्येक वर्षं जातात. खारनाकसारख्या ठिकाणची बरीच कुटुंबं जनावरं विकून लेहजवळच्या वस्तीत येऊन राहिली आहेत. मुलांची शाळा, दवाखाना, मजुरी, सगळं तिथे. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार शाल पांघरणाऱ्याला नाही.

जे मागे राहिले आहेत, त्यांच्याकडे ऐन थंडीच्या शेवटाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेळ्या वितात. करडाच्या अंगावर आईसारखा अंगरखा अजून आलेला नसतो. म्हणून मोठी जनावरं दगडी कुंपणात एकमेकांना चिकटून रात्र काढतात आणि नवी करडं माणसांच्या पांघरुणात, चुलीशेजारी निजतात. चुलीत जळत असतात वाळवलेल्या लेंड्या.