शिडी धरायला माणसं हवीत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'कॉम्प्युटरवर बोल' असं सांगितलं होतं. त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये निदान डझनभर आहेत. चित्रकार मात्र एकच. तो शेवटच्या रांगेत बसलाय आणि नाव घेतलंस तर उठून जाईन, असं चहाच्या वेळीच बजावून ठेवलंय त्याने. म्हणून नाव घेत नाही.

इंटरमिजिएटला आम्ही बरोबर बसलो होतो. त्याला ए ग्रेड, मला बी. स्थिरचित्रात माझी किटली कायम कलंडलेली असायची. सर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय. दहावीनंतर मी सायन्सला गेले, तो चित्रकलेला. गेली काही वर्षं त्याच्या प्रदर्शनांची निमंत्रणं आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. मी दरवेळी अंगठा दाखवला. मराठीत त्याचा जो अर्थ होतो, त्याच अर्थाने.

यंदा ऑफिसच्या कामाने मुंबईत होते म्हणून गेले, तर तारीख चुकली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. हॉलमध्ये चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि शिडी, हातोडी, सुतळी घेऊन चारजण कामाला लागलेले. मला वाटलं गॅलरीचे कामगार असतील. ते सगळे चित्रकार होते. एकाचं स्वतःचं प्रदर्शन पुढच्याच महिन्यात होतं. बबल रॅपसुद्धा ह्याच्या प्रदर्शनातून त्याच्या प्रदर्शनात जातो म्हणे. कॅनव्हासचा रोल ते मिळून घेतात आणि कापून वाटून घेतात. आपला मित्र आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवतो, त्या पगारावर घर चालतं. फ्रेमिंगचा खर्च मात्र चित्र विकलं जाण्याआधीच करावा लागतो.

तेवढ्यात त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "हे काढ. हे तू दोन वर्षांपूर्वीच केलंयस." हा पाच मिनिटं त्या चित्रासमोर उभा राहिला आणि त्याने ते उतरवलं. मी असते तर भांडले असते. मग लक्षात आलं, आमच्याकडे ह्याला कोड रिव्ह्यू म्हणतात आणि तो रोज होतो. माझी चूक दुपारपर्यंत कोणीतरी दाखवतंच, आणि मी मनातल्या मनात चिडते. हा आठ-आठ महिने एका खोलीत एकटा काम करतो. घरचे 'छान' म्हणतात, गिऱ्हाईक सोफ्याला रंग जुळतो का ते बघतं. खरं सांगणारे हेच चौघं.

रात्री चहा पिताना त्याने कृ. ह. आरांची गोष्ट सांगितली. १९१४ साली हैदराबादजवळ बोलारमला जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मुंबईत आला, घरकाम केलं, गाड्या धुतल्या. त्यांच्या चित्रांकडे रूडी फॉन लायडेन या समीक्षकाचं लक्ष गेलं. १९४२ मध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. सहाजण सहा तऱ्हांचे. बाकरे तर शिल्पकार. हुसेननी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवलेली. त्यांची चित्रं शेजारी ठेवली तर एकाच गटाची वाटणारही नाहीत. काही वर्षांतच सूझा आणि बाकरे लंडनला गेले, रझा पॅरिसला, आणि १९५६ च्या सुमारास गट संपला. आरा मुंबईतच राहिले. काळा घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात त्यांनी आपली कितीतरी वर्षं घातली. आपल्या मित्राला हुसेनपेक्षा आरांबद्दल जास्त बोलायचं असतं. का ते मी विचारलं नाही. संध्याकाळभर पाहिलंच होतं.

त्या दिवशी मलाही काम मिळालं. "इंजिनिअर ना तुम्ही? लेव्हल धरा." तीन चित्रं मी सरळ लावली. चौथं वाकडं आहे म्हणून चौघं ओरडले. बुडबुडा अगदी मधोमध होता, मी दाखवला. त्यांनी ऐकलं नाही, त्यांच्या मनासारखं लावलं, आणि खरंच आता ते सरळ दिसत होतं. भिंतच वाकडी होती.

पुढचं प्रदर्शन डिसेंबरात आहे. निमंत्रण ग्रुपवर येईल. पण आदल्या संध्याकाळी शिडी धरायला माणसं लागतात. दोन नावं मी लिहून घेतली आहेत. बाकीच्यांनी मधल्या सुट्टीत भेटावं.