थकवा आजाराचा आणि थकवा औषधाचा

रायपूर शहरातील बूढापारा ही वस्ती बूढा तलावाच्या काठी आहे. छत्तीसगडी बोलीत पारा म्हणजे वस्ती. या मुलखावर एके काळी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुढे १९५६ सालापर्यंत रायपूर व नागपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. त्यामुळे मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. बालपणीचे नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ च्या सुमारास रायपुरास आले आणि जवळजवळ दोन वर्षे या शहरात राहिले. त्या वास्तव्याच्या स्मरणार्थ बूढा तलावाला विवेकानंद सरोवर हे नाव मिळाले असून तलावाच्या मध्यभागी स्वामीजींचा पुतळा उभारलेला आहे.

सामर्थ्याचा मंत्र देणाऱ्या त्या महापुरुषाच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर एक मराठी घर आहे, अशी कल्पना करावी. त्या घरातील सूनबाई पस्तिशीच्या आहेत. वर्षापूर्वी त्यांना ताप आला. ताप गेला, पण अंगातली शक्ती परत आली नाही. सकाळी उठल्यावर आपण रात्रभर झोपलोच नव्हतो असे त्यांना वाटते. सणाच्या दिवशी चार माणसांचा स्वयंपाक केला, तर पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणावर जातात. वाचलेले ध्यानात राहत नाही, आणि उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई मायेनेच म्हणतात, ‘‘सूनबाई, जरा मनाने उभारी धरा. हिंडलंफिरलं म्हणजे बरं वाटेल.’’ सूनबाई उभारी धरतात, तलावाला एक फेरी घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोसळतात.

या दुखण्यास क्रॉनिक फटीग सिंड्रोम असे म्हणतात. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे त्याचे दुसरे, उच्चारास कठीण असे नाव. १९५५ च्या जुलै महिन्यात लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी अशी जवळजवळ तीनशे माणसे एका विलक्षण आजाराने पडली, आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. पुढल्याच वर्षी या आजाराला ते कठीण नाव मिळाले. १९७० साली दोन मानसरोगतज्ज्ञांनी तो सारा प्रकार उन्मादाचा होता असे प्रतिपादन केले, आणि ‘हे मनाचे खेळ आहेत’ हा शिक्का रुग्णांच्या कपाळी दीर्घकाळ बसला. २०१५ साली अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने सर्व पुरावा तपासून हा शरीराचा खरा आणि गंभीर आजार आहे असा निर्वाळा दिला. श्रमानंतर येणारे कोसळणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. येथे इच्छाशक्ती उणी नसते. उलट, ती वापरली की दुखणे वाढते.

मात्र प्रत्येक थकवा म्हणजे हा आजार नव्हे. गोव्यात स्त्रियांची एक मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे अडीच हजार स्त्रियांपैकी शेकडा बारा जणींनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. त्या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी आढळला नाही. दारिद्र्याशी आणि मनावरील ताणाशी मात्र आढळला. म्हणून ‘रक्त कमी असेल’ असे घरच्या घरी ठरवून लोहाच्या गोळ्या सुरू करणे योग्य नाही. आधी रक्त, थायरॉइड, मधुमेह, क्षय यांची तपासणी व्हावी. छत्तीसगडात सिकलसेलचा विकार बराच आढळतो, त्याचाही विचार व्हावा. निदान त्यानंतरचे.

निदान झाले की घरातील माणसे विचारतात, ‘‘मग यावर औषध कोणते?’’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आजमितीस सिद्ध झालेले नाही. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या औषधाने २०११ साली मोठी आशा निर्माण केली होती. परंतु १५१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत ती फोल ठरली, आणि २०१९ साली तसे जाहीरही झाले. जी औषधे दिली जातात ती लक्षणांसाठी: झोपेसाठी एक, अंगदुखीसाठी दुसरे, भोवळीसाठी तिसरे. खरी अडचण येथेच सुरू होते.

कारण, या औषधांपैकी कित्येकांचे दुष्परिणाम आजाराच्या लक्षणांसारखेच असतात. झोप व वेदना यांसाठी अमिट्रिप्टिलीन अल्प मात्रेत देतात. त्याने सकाळी डोके जड राहते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, उभे राहताना चक्कर येते. प्रिगॅबॅलिनने गुंगी येते आणि पाय सुजतात. छातीच्या धडधडीसाठी दिलेले प्रोप्रानोलॉल स्वतःच थकवा आणते. सर्दीची साधी गोळीसुद्धा दिवसभर सुस्ती आणू शकते. तेव्हा सूनबाईंचा आजचा थकवा आजाराचा की औषधाचा? हे ओळखता आले नाही, तर औषधाच्या थकव्यावर आणखी एक औषध येते, आणि गोळ्यांचा डबा भरत जातो.

त्यातच या आजाराचे एक कपट असे की, श्रमाची शिक्षा लगेच मिळत नाही. ती एक-दोन दिवसांनी मिळते. रविवारी पाहुणे आले, सोमवारी नवी गोळी सुरू झाली, मंगळवारी सूनबाई कोसळल्या. घरात सर्वांनी गोळीला दोष दिला. वस्तुतः दोष रविवारच्या श्रमाचा होता. याच्या उलटही घडते. गोळीने अंगदुखी थांबली, म्हणून साठलेली कामे एका दिवसात उरकली, आणि परिणामी दुखणे बळावले. गोळी गुणकारी होती. तिने दिलेला दिलासा मात्र एका दिवसात खर्चून टाकला.

यावर उपाय साधा आहे, पण त्याला चिकाटी हवी. तलावात एक खडा टाकला तर त्याचे तरंग स्पष्ट दिसतात. एकदम तीन टाकले तर कोणता तरंग कोणाचा हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करावा. नवे औषध सुरू करणे, मात्रा वाढवणे, वेळ बदलणे, हे सारे बदलच होत. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर लागते, हे ध्यानात घेतले तर वेळेचेही महत्त्व पटेल. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत असे म्हटले आहे की, या रुग्णांना औषधे सोसण्याची शक्ती कमी असू शकते. म्हणून नेहमीपेक्षा कमी मात्रेने आरंभ करण्याचा विचार करावा आणि सोसेल तशी ती हळूहळू वाढवावी. सूनबाईंनी ही गोष्ट आपल्या डॉक्टरांस निःसंकोच सांगावी. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

दुसरा नियम वहीचा. शाळेची साधी वही घ्यावी. तारीख, गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ, रात्रीची झोप, उठल्यावरची स्थिती, उभे राहिल्यावर चक्कर, आणि त्या दिवशी केलेले काम. रोज चार ओळी पुरेत. स्वतः लिहिण्याचे त्राण नसेल तर घरातील कोणी लिहावे. रायपूरच्या मे महिन्यात उन्हाने अंगातले पाणी कमी होते आणि भोवळीचा त्रास वाढतो. म्हणून हवेची नोंदही असावी. नवी गोळी सुरू करण्यापूर्वी आठ-दहा दिवसांची वही हाती असली, म्हणजे तुलना करता येते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: बरे वाटले नाही म्हणून गोळी एकाएकी तोडू नये. नैराश्यावरील कित्येक औषधे अचानक थांबवली तर भोवळ, बेचैनी, अंगात विजेसारखे झटके असे त्रास होतात. झोपेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकदम सोडल्यास फेफरे येण्याचाही धोका असतो. स्टेरॉइडचे तसेच. ती फार दिवस घेतल्यास शरीरातील ग्रंथी आपले काम मंद करते. मग औषध तोडताच रुग्ण कोलमडतो. म्हणून शक्तीसाठी म्हणून कोणी दिलेली बेनाव पुडी घेऊ नये. तिच्यात काय मिसळले आहे हे कोणास ठाऊक?

चौथा नियम एका चिठ्ठीचा. मज्जातंतूंचे डॉक्टर वेगळे, पोटाचे वेगळे, आणि एखादी गोळी शेजारणीने सुचवलेली, अशी स्थिती असते. वेदनेवरील ट्रॅमाडॉल आणि नैराश्यावरील काही गोळ्या एकत्र आल्या तर कंप, ताप व अस्वस्थता उत्पन्न होऊ शकते. म्हणून काढे व चूर्णे यांसह सर्व औषधांची एकच यादी करून ती प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावी.

अर्थात, वहीची वाट पाहू नये असेही प्रसंग आहेत. चेहरा वा जीभ सुजणे, श्वास कोंडणे, अंगावर पुरळ उठून तोंडात फोड येणे, शुद्ध हरपणे, लघवी अडणे, यांपैकी काही झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. औषधाचा अपाय झाल्यास तो कळविण्याची राष्ट्रीय व्यवस्था २०१० सालापासून आपल्या देशात आहे. तिचे केंद्र गाझियाबाद येथे असून १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनीवर रुग्णाससुद्धा तक्रार नोंदविता येते.

हे सारे नियम औषधाचे झाले. पण ते पाळणे एकट्या रुग्णाच्या आवाक्यातले नाही. सासूबाईंनी ‘उभारी धरा’ म्हणण्याऐवजी ‘आज वहीत काय लिहू?’ असे विचारले, तर तेथूनच खरी मदत सुरू होते. रुग्ण सांगतो ते खरे मानणे, हा त्या वहीचा पहिला अर्थ आहे. सहा महिन्यांनी सूनबाई पूर्ववत होतील असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु पाच गोळ्यांच्या दोन झाल्या, सकाळचे डोके हलके झाले, आणि संध्याकाळी दारात खुर्ची टाकून तलावाकडून येणारा वारा घेण्याइतके त्राण उरले, तर एवढेही त्या घराला पुष्कळ आहे.