मिरजेत आपलं स्वागत

वॉर्डातली रात्रपाळी उरकून थेट इथं आलेल्या रुग्णालयांच्या मावशी-मामांनो,

या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मिरजेत आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो. हे गाव तंबोऱ्यांचं आणि दवाखान्यांचं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं रुग्णालय सुरू केलं, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. तंबोऱ्याची तार किती ताणायची, हे इथला कारागीर कानाने ओळखतो. आम्हा रुग्णालयवाल्यांना माणसांच्या बाबतीत ते अजून जमलेलं नाही.

कामाचा बोजा मोठा, पण ते कसं करायचं यात आपल्याला काही विचारलं जात नाही, अशा ठिकाणी ताण सर्वांत जास्त, असं रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये मांडलं. वॉर्डात ते रोज दिसतं. सिस्टर सांगतात, पेशंट एक्स-रेला न्या. डॉक्टर सांगतात, आधी रक्ताची पिशवी आणा. नातेवाईक चादरीसाठी ओरडतात. आणि मुकादम विचारतो, जागेवर का नव्हतास?

हा ताण मामा आणि मावशी दोघांचा, तरी वाट्याला वेगवेगळा येतो. मामांकडे वजन उचलणं, शवागाराच्या फेऱ्या, चिडलेल्या नातेवाइकांचा पहिला धक्का. त्यात पुरुषाने रडायची चोरी. मावशींना कपडे बदलायला खोली नसते, रात्री नको त्या नजरा सोसायच्या, आणि घरी पोचल्यावर स्वयंपाक असतोच. दोघंही कंत्राटी असले, तर तक्रार करताच उद्या काम राहील का, ही धास्ती.

यावर नुसता योगवर्ग भरवून भागणार नाही. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं 2016 च्या नियमांनी रुग्णालयावर बंधनकारक आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं संरक्षण कंत्राटी महिलांनाही आहे. हे आधी पाळू या. आणि ड्यूटीचा तक्ता लावण्यापूर्वी तो ज्यांना पाळायचा आहे, त्यांना विचारू या. एवढं या परिषदेत ठरलं, तरी मिरजेला आल्याचं सार्थक होईल.

आज खुर्च्या लावणं, पाणी देणं, ताटं उचलणं ही कामं आमच्या समितीतल्या डॉक्टरांकडे आहेत. त्यांना सवय नाही, तेव्हा उणंदुणं राहीलच. ते पोटात घालू नका, मोठ्याने सांगा. तुमची तक्रार ऐकून घ्यायची सवय आम्हाला इथूनच लागू द्या.