नोकरी गेली, विम्याचं कार्डही गेलं

मी हैदराबादहून बोलतोय. नोकरी गेली तेव्हा मला काळजी होती ती घराच्या हप्त्याची. कंपनीचा आरोग्य विमाही शेवटच्या दिवशीच संपला, हे डोक्यातच आलं नाही. दोन महिन्यांनी छातीत दुखलं, स्टेंट बसला. खर्च पीएफमधून केला.

मग विमा काढायला निघालो. एजंट म्हणाला, "साहेब, हार्टचं लिहू नका." मी लिहिलं. एका विमा कंपनीने सरळ नाही म्हटलं. दुसरीने जादा प्रीमियम घेतला, वर हृदयविकारासाठी तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लावला. सध्याच्या नियमांनुसार 36 महिने ही कमाल मर्यादा आहे. लपवलं असतं, तर ऐन वेळी क्लेम अडकला असता.

माझी खरी चूक आधीच झाली होती. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि आधी पूर्ण झालेला वेटिंग पिरियड धरला जातो. मी विचारलंच नाही.

तुम्ही विचारा. शेवटच्या दिवसाआधी, एचआरला, लेखी.