न्यायाधीश व्हायचंय? तीन वर्षं आणि एक भाषा

बंगळुरूत कायदा शिकणारी मराठी मुलं हमखास विचारतात, 'न्यायाधीश व्हायला काय लागतं?'

पहिली पायरी, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. कायद्याची पदवी, ३ वर्षं वकिली आणि परीक्षा. २००२ च्या निकालामुळे वकिलीची अट गेली होती; २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ती परत आणली. वर्षं मोजायची तात्पुरत्या सनदेपासून.

जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला ७ वर्षांचा अनुभव लागतो. उच्च न्यायालयासाठी १० वर्षं वकिली किंवा न्यायिक पद. तिथे परीक्षा नाही. कॉलेजियम शिफारस करतं, राष्ट्रपती नेमतात. सर्वोच्च न्यायालयासाठी उच्च न्यायालयात ५ वर्षं न्यायाधीश किंवा १० वर्षं वकील असावं लागतं. नामवंत विधिज्ञालाही वाट आहे. गवईसाहेबांनी १९८५ मध्ये वकिली सुरू केली, २००३ मध्ये ते उच्च न्यायालयात आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

आता आपल्या मुलांची खरी अडचण. कर्नाटकात मुख्य परीक्षेला इंग्रजी-कन्नड भाषांतराचा पेपर असतो. महाराष्ट्रात मराठी यावीच लागते. बेळगाव-निपाणीकडे मराठी शाळेत शिकलेल्यांनी कोणत्या राज्यात परीक्षा द्यायची, हे पहिल्याच वर्षी ठरवावं. ही अट जाच वाटते खरी. पण साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. त्याचा एक शब्द चुकीचा समजला, तर कुणाची तरी जमीन जाते. म्हणून ती ३ वर्षं कोर्टातच काढा, आणि कान उघडे ठेवा.