दुधातील प्रतिजैविकांचे अंश : तपासणी आणि दक्षता
(दूध उत्पादकांपुढील भाषण)



गाईला किंवा म्हशीला दगडी झाली, म्हणजेच कासदाह झाला, की आपण पशुवैद्यकांना बोलावतो. इंजेक्शन दिले जाते, सडात ट्यूब सोडली जाते. दोन-तीन दिवसांत सूज उतरते, दुधातील गुठळ्या जातात आणि दूध पूर्वीसारखे दिसू लागते. जनावर बरे झाले असे समजून ते दूध संकलन केंद्रावर जाते. नेमकी येथेच चूक होते. आजार गेला तरी औषध अजून अंगात असते.

पेनिसिलीन, ऑक्सिटेट्रासायक्लीन, एन्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके रक्तावाटे कासेत उतरतात व काही दिवस दुधातून बाहेर पडत राहतात. ट्यूब एकाच सडात सोडली तरी इतर सडांच्या दुधातही अंश येऊ शकतो. म्हणून चारही सडांचे दूध बाजूला काढावे. दूध उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने या अंशाचा भरवशाने नाश होत नाही.

दुधातील पेनिसिलीनची आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम आहे. सोप्या हिशेबाने सांगायचे तर 10,000 लिटरच्या टँकरला ही मर्यादा गाठण्यासाठी सुमारे 40 मिलिग्रॅम पेनिसिलीन पुरते. मोठ्या जनावराला दिली जाणारी मात्रा याच्या कित्येक पट असते. म्हणजे एका गोठ्यातील दुधामुळे साऱ्या गावाचे दूध परत येऊ शकते.

अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. दही, चक्का, चीज बिघडते. पेनिसिलीनची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. शिवाय थोड्या थोड्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात आणि पुढे तेच औषध माणसाला व जनावराला लागू पडत नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत दुधाचे 6,432 नमुने तपासले गेले. त्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. प्रमाण लहान असले तरी एकत्र झालेले दूध पुन्हा वेगळे करता येत नाही.

तपासणी कशी होते?

एका चाचणीत उष्णता सहन करणारे निरुपद्रवी जंतू व रंगद्रव्य असलेल्या नळीत दूध घालून ती 64 अंश सेल्सिअसला सुमारे तीन तास ठेवतात. दूध निर्दोष असल्यास जंतू वाढून आम्ल तयार होते व जांभळा रंग पिवळा होतो. जांभळा कायम राहिल्यास दूध संशयास्पद समजतात. पट्टीची चाचणी काही मिनिटांत होते. मात्र पट्टी ज्या गटातील औषधांसाठी बनवलेली असते, तेवढीच औषधे ती दाखवते. खात्रीची तपासणी प्रयोगशाळेत होते. सीएमटी चाचणी कासदाह ओळखण्यासाठी आहे, तिच्यावरून औषधाचा अंश कळत नाही.

घरी ढोबळ अंदाज घेता येतो. औषध न दिलेल्या जनावराचे व संशयित दूध वेगवेगळ्या भांड्यांत उकळून कोमट करावे. दोन्हींत सारखेच विरजण घालून एकाच जागी ठेवावे. संशयित दुधाचे दही लागले नाही, तर ते डेअरीला घालू नये. पण दही लागले म्हणून दूध निर्दोष ठरत नाही; मर्यादेबाहेरचा थोडा अंश विरजणाला जाणवतोच असे नाही.

म्हणून खरा उपाय वर्ज्यकाळ पाळणे हाच. शेवटची मात्रा दिल्यापासून जितका काळ दूध विकायचे नाही, तो वर्ज्यकाळ. औषधाच्या वेष्टनावर तो छापण्याचा नियम 2012 मध्ये झाला. वेष्टनावर विशिष्ट काळ दिलेला नसेल, तर त्याच नियमाप्रमाणे दुधासाठी किमान 7 दिवस धरावेत.

दिवसाला 10 लिटर देणाऱ्या गाईचे 7 दिवसांत 70 लिटर दूध जाते. लहान गोठ्याला हा फटका मोठा आहे, हे मान्य. म्हणून संस्थांनीही आधी सांगणाऱ्या उत्पादकाला दोषी न धरता सांभाळून घ्यावे. नाहीतर कोणी सांगणार नाही. दगडी होऊच नये यासाठी गोठा कोरडा ठेवणे, धारेपूर्वी व नंतर सड जंतुनाशकाने स्वच्छ करणे, हा खर्च त्यामानाने किरकोळ आहे.

एवढे लक्षात ठेवा :

1. पशुवैद्यकांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविक देऊ नका.
2. उपचार करून घेतानाच वर्ज्यकाळ विचारून घ्या.
3. जनावर, औषध, शेवटच्या मात्रेची तारीख व वेळ वहीत लिहा. जनावराच्या पायाला रंगीत फीत बांधा, म्हणजे धार काढणारा बदलला तरी घोटाळा होणार नाही.
4. उपचारातील जनावराची धार सर्वांत शेवटी, वेगळ्या भांड्यात काढा.
5. आटवताना सडात सोडायची ट्यूब दुभत्या जनावराला वापरू नका. तिचा अंश फार दिवस राहतो.
6. असे दूध वासराला पाजू नका. विहिरीपासून दूर खड्ड्यात ओता.
7. चुकून कॅनमध्ये मिसळले गेले, तर टँकर भरण्यापूर्वी केंद्रावर सांगा. एक कॅन बाजूला काढणे सोपे, टँकर परत येणे सगळ्यांना महाग पडते.