तासाचे पन्नास रुपये

मी जोह्याहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक.

गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला विचारा काय दुखतं, ती मान नाहीतर कंबर सांगेल. दिवसभर खाली बसून मूर्तीला पॉलिश पेपर मारायचा, मग रंगाचं काम. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंची कंबर इतकी धरली की त्यांना पनवेलला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. दहा मिनिटं तपासलं, फी ६०० रुपये. गोळ्या थोड्याच दिल्या आणि म्हणाले, "रोज व्यायाम करा, पण कुणाकडून तरी नीट शिकून करा."

शिकवणार कोण? गावातलीच एक मुलगी योगाचा कोर्स करून आली होती. समाजमंदिरात सकाळी सहाचा वर्ग सुरू झाला. आम्ही बारा जणी, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. तर पहिल्याच बैठकीत एक जण म्हणाली, "हातपाय हलवायचे शंभर रुपये?" खरं सांगते, तेव्हा मीसुद्धा गप्प बसले. पनवेलला ६०० देताना मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

रात्री वही काढली. महिन्याचे १,२०० रुपये, वर्ग २४. म्हणजे तासाला ५०. बारा जणींत!

आता डॉक्टरांची फी जास्त असणारच, त्याबद्दल माझं भांडण नाही. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, पुढे एमएसची तीन. चूक झाली तर जबाबदारी त्यांच्यावर. शिवाय खेड्यात यायला तज्ज्ञ मिळत नाहीत, म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानात राज्यांना अशीही मुभा आहे की डॉक्टरांनीच आपला आकडा सांगायचा आणि सरकारने तो द्यायचा.

योगशिक्षकाला असं कुणी विचारत नाही. त्याचा आकडा आधीच ठरलेला. राष्ट्रीय आयुष अभियानाच्या केंद्रांसाठीच्या सूचनांत पुरुष शिक्षकाला महिन्याला ३२ सत्रं, ८,००० रुपये. महिला शिक्षिकेला २० सत्रं, ५,००० रुपये. सत्राचा दर दोघांना २५० च, पण बाईच्या वाट्याला बारा सत्रं कमी! का, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पण सरकारला बोलायच्या आधी आपली वही बघू. सरकार २५० देतं, आपण ५० देत होतो. आणि आपण सगळ्या स्वतः रोजावर जाणाऱ्या बायका. कारखान्यात रोज दहा रुपयांनी कमी मिळाला तर आपण किती चिडतो!

हे सगळं मी बैठकीत वाचून दाखवलं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी महिन्याला २०० ठरले. दोघी वर्ग सोडून गेल्या, दहा राहिल्या. म्हणजे तासाला ८३ रुपये आणि वर काही पैसे.

एक प्रश्न अजून राहिलाय. गणपतीच्या आधीचे दोन महिने रात्रपाळी चालते, सकाळी वर्गाला कुणी येत नाही. त्या दोन महिन्यांत तिला पैसे द्यायचे की नाही? ती स्वतःहून मागणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. येत्या बैठकीत हा विषय मीच काढणार आहे.